४५ हजारांचा डॅक घ्यायचा का? आधी त्याच्या आत काय चालतं ते बघू

माझ्या फोनला हेडफोन जॅक नाही, म्हणून टाइप-सी डोंगल वापरतो. घरच्या ॲम्प्लिफायरलाही तोच लावायचो. गेल्या दिवाळीत मात्र मोठा डॅक घ्यायचं डोक्यात बसलं. किंमत ४५ हजार! पैसे साठवले, पण घेण्याआधी मित्राकडून तसाच एक डॅक दोन दिवसांसाठी आणला.

डॅक करतो काय?

डॅक म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर. गाण्याची फाइल म्हणजे आकड्यांची रांग. सीडी दर्जाच्या गाण्यात प्रत्येक चॅनेलसाठी सेकंदाला ४४,१०० आकडे असतात आणि प्रत्येक आकडा १६ बिटचा, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. स्पीकरला आकडे कळत नाहीत, त्याला वर-खाली होणारं व्होल्टेज लागतं. ते बनवतो डॅक. तुमच्या ब्लूटूथ इअरबडमध्येही एक बारीकसा डॅक असतोच.

पहिली पद्धत: रेझिस्टरची शिडी

याला आर-टू-आर म्हणतात. दोनच किमतींचे रेझिस्टर, एक दुसऱ्याच्या दुप्पट, शिडीसारखे जोडलेले. प्रत्येक बिटला एक स्विच. सगळ्यात मोठा बिट निम्मं व्होल्टेज देतो, पुढचा त्याच्या निम्मं, असं खाली उतरत जायचं.

ऐकायला सोपं आहे, पण गोची इथेच आहे. मोठ्या बिटच्या रेझिस्टरमधली छोटी चूकसुद्धा सगळ्यात लहान बिटपेक्षा मोठी ठरू शकते. १६ बिट नीट सांभाळायचे तर चूक साधारण ०.००१५ टक्क्यांच्या आत हवी. दुकानात मिळणारा साधा रेझिस्टर १ टक्क्याचा असतो! म्हणून खूप अचूक रेझिस्टर निवडून, जुळवून लावावे लागतात. असे डॅक महाग होण्याचं हे एक मोठं कारण.

दुसरी पद्धत: पायऱ्या कमी, वेग जास्त

१९८२ मध्ये सीडी प्लेअर बाजारात आले. सोनीच्या सीडीपी-१०१ मध्ये १६ बिटचा एकच डॅक होता, तो दोन्ही चॅनेलना आळीपाळीने वापरायचा. फिलिप्सकडे चिप होती १४ बिटची. त्यांनी ती चौपट वेगाने चालवली आणि चुकांमुळे होणारा गोंगाट कानाला ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीकडे ढकलला. १४ बिटच्या चिपने जवळपास १६ बिटचं काम केलं.

आजची डेल्टा-सिग्मा पद्धत हीच कल्पना खूप पुढे नेते. बऱ्याच ओएलईडी स्क्रीन ब्राइटनेस कमी करताना वेगाने चालू-बंद होतात, पण आपल्याला फक्त मंद उजेड दिसतो. तसंच हे. इथे अतिअचूक रेझिस्टरची शिडी लागत नाही, त्यामुळे चांगली चिप स्वस्तात बनते आणि डोंगलमध्ये बसते.

मग पैसे जातात कुठे?

स्वच्छ पॉवर सप्लाय, स्थिर क्लॉक, चांगली आउटपुट सर्किट, जास्त इनपुट आणि जाडजूड ॲल्युमिनियमचा डबा. यातल्या पहिल्या तिन्हींचा फरक मोजता येतो. पण त्यालाही मर्यादा आहे. २४ बिट म्हणजे कागदावर १४४ डेसिबल, पण सर्किटमध्ये उष्णतेमुळे होणाऱ्या गोंगाटापुढे उत्तम डॅकही २०-२१ बिटच्या आसपास थांबतात.

माझी टेस्ट

पहिल्या दिवशी मोठा डॅक लावला आणि वाटलं, वा, काय फरक आहे! मग लक्षात आलं की तो २ व्होल्ट देत होता आणि डोंगल १ व्होल्ट. म्हणजे तो सरळ ६ डेसिबल मोठा वाजत होता आणि मोठा आवाज कानाला 'भारी' वाटतोच.

दुसऱ्या दिवशी १०० हर्ट्झचा टोन वाजवून मल्टिमीटरने दोन्हींचं व्होल्टेज सारखं केलं. मी पाठ करून बसलो, ताई नाणं उडवून डॅक बदलत होती. १६ वेळा ओळखायचा प्रयत्न केला, ९ वेळा बरोबर आलं. नुसतं नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी ८ च्या आसपास आलेच असते.

डॅक परत दिला. साठवलेल्या पैशांतून चांगले स्पीकर घेतले आणि तो फरक आईलाही पहिल्याच गाण्यात कळला.

तुमच्या सेटअपमध्ये खरखर किंवा हम्म असा आवाज येत असेल, तर डॅक बदलून बघायला हरकत नाही. नाहीतर आधी आवाज सारखा करा, पाठ फिरवा आणि मगच पाकीट उघडा.