चेंबर फुटला, पुट्टी लावू का?

खड्ड्यातला वर आलेला दगड किंवा रंग न दिलेला गतिरोधक. खालून एक ठोका बसतो आणि सकाळी गाडीखाली ऑइलचं काळं थारोळं दिसतं. गॅरेजच्या भाषेत चेंबर फुटला. म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठवणारं भांडं तडकलं. मग शेजारी, मेहुणे आणि मोबाइलवरचे व्हिडिओ एकदमच सल्ले देऊ लागतात. त्यातले निम्मे सल्ले बिडाच्या इंजिनांच्या काळातले असतात. अँबॅसडरचा ब्लॉक बिडाचा होता आणि हेडही बिडाचंच. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं, पण ब्लॉक बिडाचा. आता हेड, टायमिंग कव्हर, थर्मोस्टॅटचं घर, बरेचसे ब्रॅकेट आणि कित्येक गाड्यांत ब्लॉकसुद्धा ॲल्युमिनियमचा असतो. बिडाला चालायचं ते इथे नडतं.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे लोहचुंबक लावून बघणं. अनेक गाड्यांचा चेंबर आजही पत्र्याचा असतो. चुंबक चिकटला, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी नाही.

‘ॲल्युमिनियमला वेल्डिंग होतच नाही’ हा सगळ्यांत जुना गैरसमज. गेट-ग्रिल बनवणाऱ्याकडे तो भाग नेला, तर त्याच्या साध्या मशीनवर भोक मोठं होऊन परत मिळेल, आणि गैरसमज आणखी पक्का होईल. अडचण धातूच्या पातळ कवचाची आहे. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, इंजिनच्या ओतीव मिश्रधातूत सिलिकॉन असल्यामुळे तो त्याहूनही लवकर. पण हवा लागताच पृष्ठभागावर जो ऑक्साइडचा थर धरतो, तो वितळायला 2000 अंशांहून जास्त उष्णता लागते. आतलं पाणी होतं तरी वरची साय फुटत नाही. वर हा धातू तापून लाल होत नाही. लोखंड रंग बदलून इशारा देतं. ॲल्युमिनियम तसंच राखाडी दिसत राहतं आणि एका क्षणी खाली गळून पडतं. म्हणून जुने कारागीर त्यावर साबणाची वडी घासतात. साबण काळा पडला की भाग पुरेसा गरम झाला असं समजून हात आवरता घेतात.

यावरचा उपाय म्हणजे आर्गन वेल्डिंग. एसी करंटचं अर्धं आवर्तन ऑक्साइड फोडतं, उरलेलं अर्धं धातू वितळवतं आणि आर्गन वायू हवेला जवळ येऊ देत नाही. भोसरीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम करणारे सहज सापडतात. ते घरी करण्याजोगं नाही. मात्र त्याआधीची तयारी घरी उत्तम होते, आणि माझ्या मते घरच्या दुरुस्तीचा खरा अर्थ तोच आहे. भाग सोडवणं, तेलाचा अंश न् अंश काढणं, तडा नेमका कुठवर गेलाय ते शोधणं, त्याच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाडून तो पुढे सरकायचा थांबवणं. तडा वरवर भरून भागत नाही. इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करून तो मुळापर्यंत उघडावा लागतो.

आता पुट्टी. ‘एम-सील लाव, आयुष्यभर बघायला नको’ हे जितकं चूक, तितकंच ‘पुट्टी म्हणजे निव्वळ थूकपट्टी’ हेही चूक. चेंबरला बारीक तडा असेल, त्या जागेवर वजन येत नसेल, तर धातूची पूड मिसळलेली, उष्णता सोसणारी इपॉक्सी खरोखर टिकते. चालत्या गाडीत ऑइल शंभर अंशांच्या पुढेही तापतं, त्यामुळे नळ-टाकीसाठीची साधी पुट्टी इथे नको. पाकिटावर तापमानाची मर्यादा वाचूनच घ्या. पुट्टी बहुतेक वेळा फसते ती तेलामुळे. ओतीव ॲल्युमिनियमला सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांत मुरलेलं तेल वरून पुसून जात नाही, ॲसिटोननं पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. मग खरखरीत कागदानं घासा, आणि सुकायला पाकिटावर दिलेला पूर्ण वेळ द्या. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही: पुट्टी फसल्यावर तोच भाग आर्गनवाल्याकडे नेला, तर तिचा जळका अंश वेल्डिंग बिघडवतो. वेल्डिंग करायचंच असेल, तर आधी पुट्टी थापू नका.

व्हिडिओत ॲल्युमिनियम जोडायच्या चमत्कारी कांड्या दाखवतात, त्यांचंही तसंच. त्या बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात आणि साधारण चारशे अंशांना वितळतात. पातळ तुकडा गॅसच्या ज्योतीवर जोडलेला दिसतो, तो खराच असतो. पण ॲल्युमिनियम पोलादाच्या कितीतरी पट वेगानं उष्णता पसरवतं, त्यामुळे हेडसारखा अवजड भाग अख्खा तापवल्याशिवाय जोड धरत नाही. तेवढा तापवला, की कारखान्यात उष्णता-प्रक्रियेनं आणलेला त्याचा कठीणपणा जातो आणि सपाटीही बिघडते. हेडची सपाटी बहुतेक इंजिनांत मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास सांभाळावी लागते. हेडचा तडा म्हणजे आर्गन आणि नंतर मशीनवर फेसिंग. तिथे घरगुती प्रयोग नकोत.

चेंबरमध्ये ऑइल काढायच्या नटाचे आटे गेले असतील, तर मात्र घाबरू नका. ‘नट जितका आवळाल तितकं गळणार नाही’ या समजुतीनंच ते गेलेले असतात. गळती वॉशर थांबवतो, मनगटातला जोर नाही. मोठा नट ठोकून बसवण्याऐवजी हेलिकॉइल, म्हणजे स्टेनलेस तारेचे नवे आटे बसवून घ्या. मऊ ॲल्युमिनियममधल्या मूळ आट्यांपेक्षा ते बहुधा जास्त टिकतात. ड्रिल, टॅप आणि धीर असेल तर हे काम घरीही जमतं.

सफाईच्या बाबतीत सवयी खरोखर धोक्याच्या ठरतात. बिडाचे भाग कॉस्टिक सोड्यात उकळतात. ॲल्युमिनियम त्यात विरघळतं आणि पेट घेणारा हायड्रोजन सुटतो. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरनं धुतलेला भाग ओला असताना वेल्डिंगला लावला, तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. काही जुन्या गाड्यांचे भाग दिसायला ॲल्युमिनियमचे, पण असतात मॅग्नेशियमचे. फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनाचा सांगाडा तसाच. घासलेल्या जागी व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले, तर ग्राइंडर आणि ज्योत दोन्ही लांब ठेवा. मॅग्नेशियम पेटलं तर पाण्यानं विझत नाही, उलट भडकतं.

इंजिन पेलणारा माउंटिंग ब्रॅकेट तुटला असेल, तर जोडत बसू नका, नवा घ्या. आणि गाडी चालवताना ऑइलचा लाल दिवा लागला, तर ‘गॅरेज जवळच आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. तिथेच इंजिन बंद करा आणि गाडी ओढून न्या.