आयता शेल, आयता एडिटर

लिनक्स किंवा मॅकवर टर्मिनलची खिडकी उघडली की लुकलुकणाऱ्या कर्सरमागे एक प्रोग्राम आपल्या हुकमाची वाट पाहत बसलेला असतो. हा शेल. आपण टाइप केलेली ओळ वाचायची, तिचा अर्थ लावायचा आणि हवा तो प्रोग्राम चालू करायचा, एवढं त्याचं काम. शेल अनेक आहेत, पण बहुतेक लोक समोर आला तोच वर्षानुवर्षं वापरतात. त्यामुळे समोर कोणता ठेवायचा हे ठरवणाऱ्याच्या हातात बरीच सत्ता असते. ती गुणवत्ता पाहूनच वापरली जाते असं मात्र नाही.

अ‍ॅपलचंच पाहा. ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी लिहिलेला बॅश हा शेल मॅकवर २००३ पासून डिफॉल्ट होता. २००९ मध्ये बॅशची चौथी आवृत्ती आली ती जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याच्या तिसऱ्या, अधिक कडक रूपाखाली. अ‍ॅपल त्याआधीच्या ३.२ या आवृत्तीवरच थांबलं. २०१९ मध्ये मॅकची कॅटालिना ही आवृत्ती आली तेव्हा नव्या खात्यांसाठी झेडशेल डिफॉल्ट झाला. त्याचा परवाना बराच सैल आहे. या बदलाचं कारण कंपनीने कधी उघड सांगितलं नाही, पण जाणकारांना ते ओळखायला वेळ लागला नाही. झेडशेल चांगलाच आहे. इथे तो निवडला गेला तो बहुधा वकिलांच्या सल्ल्याने.

उबुंटू या लिनक्सच्या अवताराची गोष्ट मला जास्त शहाणपणाची वाटते. युनिक्समध्ये ‘एसएच’ या नावाने ओळखला जाणारा एक शेल लागतोच, कारण यंत्रणेच्या असंख्य स्क्रिप्ट त्याच नावाने शेलला हाक मारतात. संगणक सुरू होताना त्या काळी अशा ढीगभर स्क्रिप्ट चालत, आणि प्रत्येक वेळी बॅशसारखा भारदस्त शेल उभा करायचा म्हणजे वेळ जाणारच. २००६ मध्ये उबुंटूने ६.१० या आवृत्तीत एसएच या नावामागे डॅश हा हलका, चपळ शेल बसवला. माणसाच्या हातात मात्र बॅशच ठेवला. यंत्राची गरज वेगळी आणि माणसाची वेगळी, हे त्यात ओळखलेलं होतं. ओरड झाली, कारण अनेकांनी एसएचच्या नावाखाली बॅशच्याच खास लकबी वापरून स्क्रिप्ट लिहिल्या होत्या आणि त्या मोडल्या. पण चूक त्या स्क्रिप्टची होती. डेबियन या दुसऱ्या लिनक्स अवतारानेही पुढे २०११ च्या आवृत्तीत हाच रस्ता धरला.

एडिटरचं, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रामचं, प्रकरण जास्त नाजूक. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास व्हीआय हा एडिटर लिहिला. ते वापरत असलेल्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाणांची चिन्हं एच, जे, के, एल या अक्षरांच्याच कळांवर छापलेली होती. कर्सर हलवायला आजही तीच अक्षरं चालतात. व्हीआयमध्ये टाइप करण्याची अवस्था वेगळी, हुकूम देण्याची वेगळी. सरावलेल्या हातांना हे वरदान, पण नवख्याला यातून बाहेर पडताही येत नाही. व्हीआयची सुधारित आवृत्ती असलेल्या व्हिममधून बाहेर कसं पडायचं, हा स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तर संकेतस्थळावरचा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता. (उत्तर: एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. केलेले बदल मात्र जातील.)

अडकणारा माणूस बहुतेकदा स्वतःहून तिथे गेलेलाच नसतो. कोडमधले बदल सांभाळणाऱ्या गिटमध्ये नोंद करताना किंवा ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनची यादी उघडताना यंत्रणाच त्याला डिफॉल्ट एडिटरमध्ये नेऊन सोडते. म्हणून फेडोरा या लिनक्सच्या आणखी एका अवताराने २०२० मध्ये, ३३ व्या आवृत्तीत, व्हीआयच्या जागी नॅनो हा एडिटर डिफॉल्ट केला. नॅनोत बाहेर पडायची कळ पडद्याच्या तळाशीच लिहिलेली असते. व्हिमच्या चाहत्यांना हे रुचणं कठीण, पण त्यांना एडिटर बदलायला एक ओळ पुरते. नवख्याला ती ओळ कुठे लिहायची हेच माहीत नसतं. फेडोराचा निर्णय बरोबरच होता.

तुम्हाला तुमचा शेल बदलायचा असेल तर ‘सीएचएसएच’ हा हुकूम आहे, आणि एडिटरसाठी ‘एडिटर’ नावाचं व्हेरिएबल शेलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून ठेवा. मनासारखे प्रयोग करा, फक्त ‘एसएच’ या नावाला हात लावू नका.