संगणकावरील अक्षरजुळणी

सेवानिवृत्तीनंतर भूमितीचीं माझीं जुनीं टिपणें पुस्तकरूपानें छापावीं, असें मनांत आलें. एका छापखान्यांतून पहिलीं मुद्रितें आलीं, तों वर्गमूळाची रेघ संख्येच्या अर्ध्यावरच थांबलेली! असाच प्रसंग १९७७ सालीं अमेरिकेंत डोनाल्ड क्नुथ या विद्वानांवर आला होता. आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी जुळणी पाहून ते इतके खिन्न झाले कीं, जुळणी करणारी आज्ञावलीच त्यांनीं स्वतः रचिली. तिचें नांव टेक. शेवटचें अक्षर ग्रीक आहे, तेव्हां ‘टेक्स’ म्हणूं नये. पुढें लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं तिच्यावर लाटेक उभारली.

ही आज्ञावली विनामूल्य मिळते. विंडोजवर मिकटेक आटोपशीर; लागेल तो भाग ती इंटरनेटवरून त्या त्या वेळीं आणते. ज्यांच्या घरचें इंटरनेट बेभरवशाचें, त्यांनीं टेक लाइव्ह एकदांच संपूर्ण उतरवून घ्यावी. तिला सुमारें ८ गीगाबाइट जागा लागते. मॅकवर तीच मॅकटेक या नांवानें येते. लिनक्सवर ती प्रणालीच्या भांडारांतूनच बसते; मात्र ती प्रत वर्षा-दोन वर्षांपूर्वींची असूं शकते.

मराठी माणसाची खरी अडचण यानंतरची. मीं सर्व सामग्री बसविली, ‘त्रिकोण’ हा शब्द लिहिला आणि नेहमींची पीडीएफलाटेक चालविली. कागद कोरा, वर चुकांची यादी! तिला देवनागरी अक्षरें अशीं थेट कळत नाहींत. जोनाथन क्यू यांनीं २००४ सालीं प्रथम मॅकसाठीं केलेली झीटेक येथें उपयोगी पडते. आतां ती तिन्ही प्रणालींवर चालते. ती झीलाटेक या आज्ञेनें चालविली, तरी कागद कोराच, आणि या वेळीं मुकाट्यानें! कारण मूळ फाँटांत, म्हणजे संगणकाच्या खिळ्यांच्या संचांत, देवनागरी अक्षरेंच नव्हतीं. मग आय.आय.टी. मुंबईनें केलेला शोभिका हा फाँट नेमला. तो टेक लाइव्हबरोबरच येतो. अक्षरें उमटलीं, पण ‘त्रिकोणा’ची वेलांटी अक्षराच्या मागें जाऊन बसली आणि जोडाक्षर फुटलें. फाँटाच्या नांवापुढें लिपि देवनागरी असल्याची सूचना द्यावी लागते, ती मीं दिली नव्हती. ती देतांच शब्द जागेवर आला. या एका सूचनेपायीं माझे तीन दिवस गेले, म्हणून हें इतकें सविस्तर सांगितलें.

तेव्हां मिकटेक घ्या वा टेक लाइव्ह, झीटेक दोहोंतही आहे. संपूर्ण पुस्तक लिहिण्यापूर्वीं ‘त्रिकोण’, ‘वर्ग’ आणि ‘इष्टिकाचिती’ एवढे तीन शब्द छापून पाहावे. वेलांटी, रफार आणि जोडाक्षर या तिहींची परीक्षा त्यांत होते.

छापखान्यास मीं आतां तयार पीडीएफ देतों. फाँट तिच्यांतच अंतर्भूत असल्यामुळें तेथील संगणकावर कोणता फाँट आहे, ही चौकशी करावी लागत नाहीं. वर्गमूळाची रेघही संख्येच्या टोकापर्यंत जाते.