शरद ऋतू आणि भाषेचा तास

शरद ऋतू म्हणजे आश्विन आणि कार्तिक हे दोन महिने. इंग्रजी कॅलेंडरवर साधारण सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरअखेर. महाराष्ट्रातल्या भाषाशिक्षकांच्या वाट्याला वर्षातली मोठी धावपळ याच दिवसांत येते. पहिले सत्र संपत आलेले असते, परीक्षा आणि पेपरतपासणी डोक्यावर असते, आणि नवरात्र, दसरा, दिवाळी यांच्या सुट्ट्यांमुळे तासिका तुटक होतात. त्यातच 15 ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, ‘वाचन प्रेरणा दिन’ येतो. राज्यातल्या शाळांमध्ये तो 2015 पासून पाळला जातो. त्या एका दिवसासाठी बाहेर काढलेली पुस्तके दुसऱ्या दिवशी कपाटात परत जाऊ नयेत, यासाठी वाचन ऋतूशी जोडणे हा एक चांगला मार्ग आहे. शरदात मुलांच्या अवतीभवती इतके काही घडत असते की वाचायला विषय शोधावा लागत नाही. विषय दारातच उभा असतो.

मात्र तो आपल्या दारातला हवा. इंटरनेटवर या काळासाठी मिळणाऱ्या तयार स्वाध्यायपत्रिकांत लाल-पिवळी पाने, केशरी भोपळे, खारी आणि लोकरी मफलर घातलेली मुले असतात. हे चित्र उत्तर अमेरिका आणि युरोपात अगदी खरे आहे. महाराष्ट्रात मात्र ऑक्टोबरमध्ये झाडे हिरवीगार असतात. पळस, पांगारा यांची पाने झडतात ती थंडीत आणि थंडी सरताना. आपल्याकडचा शरद म्हणजे परतीचा पाऊस, त्यानंतरचा ऑक्टोबरचा उकाडा, निवळलेले आभाळ, झेंडू आणि शेवंती, पहाटे पारिजातकाखाली पडलेला सडा, पिवळे पडू लागलेले भात, सोयाबीनची काढणी आणि ज्वारीची पेरणी. धोबी पक्षी याच सुमारास उत्तरेकडून येतो आणि शाळेच्या मैदानावर शेपटी हलवत फिरू लागतो. जे खिडकीतून दिसते तेच पानावर वाचायला मिळाले, तर नुकते वाचू लागलेले मूल अर्थाचा अंदाज बांधू शकते, आणि अंदाज बांधत पुढे जाणे हा वाचनाचा गाभा आहे. न पाहिलेल्या गोष्टींबद्दलही मुलांनी जरूर वाचावे, पण सुरुवात ओळखीच्या गोष्टींपासून झालेली बरी.

पहिली-दुसरीच्या वर्गात ही सुरुवात शाळेच्या आवारातल्या फेरीने करता येते. पंधरा मिनिटांत मुले गवताची तुरे आलेली काडी, तेरड्याची फुटणारी बोंडे, पक्ष्याचे पीस, वाळलेली शेंग असे काय काय गोळा करतात. वर्गात आल्यावर प्रत्येक वस्तूला मुले जे नाव सांगतील ते शिक्षकाने चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहावे आणि वस्तूशेजारी ठेवावे. घरी वेगळे नाव असेल तर तेही लिहावे. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी किंवा वारली बोलणाऱ्या मुलाच्या घरचा शब्द फळ्यावर आला की ते मूल वाचायला पुढे सरसावते. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या काढून मिसळायच्या आणि मुलांनी त्या पुन्हा योग्य वस्तूपाशी नेऊन ठेवायच्या. तिसऱ्या दिवशी वस्तू नाहीत, फक्त चिठ्ठ्या. आठवड्याच्या शेवटी त्याच शब्दांची चार-पाच वाक्ये मुलांनी सांगायची, शिक्षकाने तक्त्यावर लिहायची, आणि तो तक्ता हा वर्गाचा पहिला धडा होतो. या कामाला खर्च नाही आणि तयारीही जवळजवळ नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात बालशिक्षणाचे काम उभे केले, तेव्हा खडे, पाने, बिया, शिंपले यांतूनच शिक्षणाची साधने घडवली होती.

तिसरीच्या पुढे लोकगीते हाताशी येतात. सूर्य हस्त नक्षत्रात जातो तेव्हा, सप्टेंबरच्या शेवटी, हादगा सुरू होतो. पश्चिम महाराष्ट्रात नवरात्रात भोंडला खेळतात. विदर्भात आणि खानदेशात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईची गाणी चालतात. मधोमध हत्तीचे चित्र किंवा मूर्ती मांडून भोवती फेर धरायचा आणि गाणी म्हणायची, हे सर्वांना ठाऊक आहे. वाचन शिकवण्याच्या दृष्टीने मोलाची आहे ती या गाण्यांची बांधणी. बरीच गाणी साखळीची आहेत. माहेरी जायला निघालेल्या सुनेला सासू एक काम सांगते, ते झाले की पुढचे, मग त्यापुढचे. प्रत्येक कडव्यात एकच शब्द बदलतो आणि बाकीची ओळ तशीच राहते. मुलांना चाल आणि शब्द आधीच पाठ असतात. तेच गाणे कागदावर छापून हातात दिले की अक्षरांवर बोट ठेवत आपण वाचतो आहोत हा अनुभव अडखळणाऱ्या मुलालाही येतो, आणि बदललेला शब्द हेरण्यासाठी त्याला खरोखर अक्षरे पाहावी लागतात. पुढची पायरी म्हणजे साखळीतले एक कडवे मुलांनी स्वतः रचणे.

ही गाणी पाठ्यपुस्तकात पुरेशी नसतात, पण मुलांच्या घरी असतात. आजी, मावशी, शेजारच्या काकू यांच्याकडून एक गाणे ऐकून लिहून आणायचे काम दिले, तर आठवड्याभरात वर्गात एकाच गाण्याची तीन-चार रूपे जमतात. ती शेजारी-शेजारी ठेवून वाचणे, कुठे कोणता शब्द वेगळा आहे ते शोधणे, हे बारकाईने वाचण्याचे उत्तम शिक्षण आहे. फेर संपल्यावर खिरापत ओळखण्याचा खेळ असतो. त्याचे वाचनात रूपांतर सहज होते: डब्यातल्या पदार्थाविषयी तीन सूचक वाक्ये लिहिलेली चिठ्ठी मुलांनी मनात वाचायची आणि मगच नाव सांगायचे. मूकवाचन समजले की नाही हे तपासायला याहून आनंदाची चाचणी मिळणे कठीण.

दसऱ्याला कथावाचन करावे, आणि तेही एका कथेच्या दोन रूपांचे. आपट्याच्या पानांना सोने का म्हणतात, याची लोककथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागायला रघुराजाकडे येतो. राजाने यज्ञात सर्वस्व दान केलेले असते, म्हणून तो कुबेरावर स्वारी करायचे ठरवतो. कुबेर घाबरतो आणि आपट्याच्या झाडावर सोन्याचा वर्षाव करतो. हीच गोष्ट कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात आहे, पण तिथे सोने झाडावर पडत नाही, राजाच्या कोषागारात पडते. पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी शिक्षकाने दोन्ही रूपे सोप्या मराठीत प्रत्येकी एका पानात लिहून घ्यावीत. अर्धा वर्ग एक पान वाचतो, अर्धा दुसरे, आणि मग जोड्या लावून एकमेकांना गोष्ट सांगायची. सोने नेमके पडले कुठे यावरून लगेच वाद सुरू होतो, आणि तो सोडवायला मुले आपणहून पुन्हा पानाकडे वळतात. शेवटचा प्रश्न दोन्ही पानांना लागू आहे: राजा सगळे सोने देऊ करतो, तरी कौत्स दक्षिणेपुरतेच का घेतो? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणूनच तो विचारावा. दसऱ्यासाठी आपट्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात. या निमित्ताने आपट्याच्या झाडाची माहिती देणारा उतारा जोडला तर कथा आणि माहितीपर लेखन यांतला फरकही मुलांच्या लक्षात येतो.

बातमी वाचायलाही हा काळ सोयीचा आहे. नैऋत्य मोसमी पाऊस पश्चिम राजस्थानातून साधारण 17 सप्टेंबरला परतू लागतो आणि 15 ऑक्टोबरच्या सुमारास देशभरातून माघारी जातो. या दिवसांतली हवामानाची कात्रणे क्रमाने भिंतीवर लावून भारताच्या नकाशावर परतीची रेषा ओढत गेले, की आठवी-नववीची मुले तारखा, दिशा आणि अंदाजाची भाषा वाचायला शिकतात. ‘शक्यता आहे’ आणि ‘झाला’ यांत काय फरक आहे, हे समजणे मोठेपणीही उपयोगी पडते.

दिवाळीच्या आधीचा आठवडा कृतीच्या वाचनाचा. आकाशकंदील कसा करावा, भाजणी कशी भाजावी, अशा पायऱ्या विस्कटून द्यायच्या आणि मुलांनी क्रम लावायचा. किल्ला करणाऱ्या मुलांना किल्ल्याविषयी चार ओळींची पाटी लिहायची असते, त्यासाठी आधी वाचावे लागते. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांपैकी 11 महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तामिळनाडूत आहे. प्रत्येक गटाने एक किल्ला निवडावा, म्हणजे गावातल्या किल्ल्यांवरच्या पाट्या वाचत फिरणे हाही एक वाचनतास होतो.

या ऋतूतले सर्वांत समृद्ध वाचनसाहित्य म्हणजे दिवाळी अंक. का. र. मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही परंपरा सुरू झाली. मुलांसाठी निघणाऱ्या अंकांत बालभारतीच्या ‘किशोर’चे स्थान वेगळे आहे. 1971 पासून निघणाऱ्या या मासिकाचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. दिवाळी अंक वर्गात आणला की तो थेट गोष्टीपासून वाचू नये. आधी मुखपृष्ठ, मग अनुक्रमणिका. कोणत्या पानावर काय आहे, लेखक कोण, कविता किती, कोडी कुठे, एवढे शोधताना मुलांना मासिक हाताळायची सवय लागते; पाठ्यपुस्तक सोडून दुसरे काहीच न पाहिलेल्या मुलांना ती नसते. मग प्रत्येकाने आपल्या आवडीचे एक पान निवडावे आणि ते का निवडले ते दोन वाक्यांत सांगावे. विनोद, कोडे किंवा चित्रकथा निवडणाऱ्याला कमी लेखू नये. निवड करायला मिळणे हेच वाचनाचे मोठे आमिष आहे. सुट्टीआधी वर्गाचा हस्तलिखित दिवाळी अंक तयार झाला तर जमलेली भोंडल्याची गाणी, किल्ल्यांच्या पाट्या आणि मुलांनी रचलेली कडवी त्यात जातात. नंतर वाचनकोपऱ्यात तो अंक सर्वांत जास्त हाताळला जातो, कारण त्यात प्रत्येकाचे नाव असते.

हे सगळे एका शिक्षकाने एका वर्षात करू नये. दोन उपक्रम पुरेत. वेळ वाचवायचा तर एकच छोटा उतारा आठवडाभर वापरावा: पहिल्या दिवशी शिक्षकांचे आदर्श वाचन, दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे समूहवाचन, तिसऱ्या दिवशी जोडीवाचन, चौथ्या दिवशी ज्याचे त्याने. वाचनाची गती आणि ओघ अशा पुनर्वाचनातूनच येतो, आणि रोज नवा उतारा शोधायचे कामही वाचते. यंदा तयार केलेल्या चिठ्ठ्या, पाने आणि तक्ते ‘शरद’ लिहिलेल्या एका पाकिटात ठेवले की पुढच्या वर्षी फक्त भर घालायची उरते.

साहित्यासाठी फार भटकावे लागत नाही. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या 2015 मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा वाचनपातळीनुसार लावलेल्या आहेत, आणि मुक्त परवान्यामुळे त्या छापायला परवानगी आहे. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरही मुलांची शेकडो पुस्तके विनामूल्य आहेत. शिक्षकांच्या स्वतःच्या वाचनासाठी दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ (1956) हवेच. मराठी महिन्यांप्रमाणे निसर्ग पाहत जाणारे हे पुस्तक वाचले की आश्विनात मुलांना काय दाखवावे हे सांगावे लागत नाही.

अमेरिका आणि कॅनडातल्या मराठी मंडळांच्या शाळा शनिवार-रविवारी भरतात. तिथल्या मुलांसमोरचा ऑक्टोबर खरोखरच पानगळीचा असतो, म्हणून तिथे मेपलची पानेच वर्गात यावीत. दिवस लहान होतात, पानातले हरितद्रव्य मोडते आणि झाकलेला पिवळा रंग दिसू लागतो; लाल रंग काही झाडे याच काळात नव्याने बनवतात. ही माहिती सोप्या मराठीत लिहिली तर तो उत्तम उतारा होतो. मुलांना इंग्रजीतून माहीत असलेल्या गोष्टीही मराठीत सांगायला चांगल्या. आर्नल्ड लोबेल यांच्या एका कथेत बेडूक आणि भेक हे दोन मित्र एकमेकांच्या नकळत एकमेकांच्या अंगणातली पाने गोळा करून ठेवतात आणि वारा ती पुन्हा विस्कटून टाकतो. दोघांना ते कळत नाही, वाचणाऱ्याला कळते. लिओ लिओनी यांचा फ्रेडरिक नावाचा उंदीर इतर उंदीर धान्य साठवत असताना ऊन, रंग आणि शब्द साठवतो. गोष्ट ओळखीची असल्यामुळे मुलांचे सगळे लक्ष मराठी शब्दांवर राहते, आणि तिथे तेच हवे असते.

राज्यातल्या असंख्य शाळांच्या वाचनकोपऱ्यांत आजही एकही दिवाळी अंक नसतो. घरातले मुलांचे अंक वाचून झाले की रद्दीत न घालता जवळच्या प्राथमिक शाळेत नेऊन द्यावेत. जुन्या वर्षांचे असले तरी चालतील.