चिखलणीनंतर छोट्या ट्रॅक्टरचा पुढचा अ‍ॅक्सल तपासा
मालवण किनाऱ्याच्या भातखाचरांत चिखलणी आटोपली, की छोट्या ट्रॅक्टरचा पुढचा अ‍ॅक्सल अवश्य तपासावा. चिखल-पाण्याने ग्रीस धुऊन जाते. खाजणात खाऱ्या पाण्याने पिन गंजते. अशा ट्रॅक्टरचे स्टिअरिंग उतारावर दगा देते.

मागची चाके अडवून पुढचा भाग जॅकने उचलावा, खाली भक्कम ठोकळे द्यावेत. चाक वरून व खालून धरून हलवावे. नुसता हब हलला तर बेअरिंग सैल. स्टब अ‍ॅक्सलही हलला तर किंगपिनचे बुश झिजले. मधली पिन पहारीने रेटून पाहावी. चारही चाकांना गती असलेल्या ट्रॅक्टरचे पुढचे ऑइल दुधाळ दिसल्यास सील गेले समजावे.

बुश व पिन एकदमच बदलावी. भोक लांबट झाले असल्यास बोअर करून स्लीव्ह बसवावी. वेल्डिंगचा भर फार दिवस टिकत नाही. चिखलणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी, आतला चिखल निघून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत पंप मारावा.