वीस मिलिलिटर ते एक टीएमसी

महाबळेश्वरचा पाऊस मिलिमीटरमध्ये मोजला जातो, त्याच डोंगरांतून उतरलेल्या पाण्याचा कोयना धरणातील साठा टीएमसीत सांगितला जातो, धरणातून सुटणारा विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो आणि तिथल्याच स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर फवारायचे औषध मिलिलिटरने मोजून घेतले जाते. ही मापे एकमेकांत कशी बदलतात हे समजले, तर पावसाळ्यातील बातम्यांमधले आकडे नुसते मोठे न वाटता त्यांचा अर्थ लागू लागतो.

दशमान पद्धतीत द्रवाच्या मापाचा पाया लिटर हा असून, एक लिटर म्हणजे दहा सेंटिमीटर लांब, तेवढ्याच रुंद आणि तेवढ्याच उंच अशा घनात मावणारे द्रव होय. लिटरचा हजारावा भाग मिलिलिटर, त्याचाही हजारावा भाग मायक्रोलिटर. उलट दिशेने हजार लिटरांचा एक घनमीटर आणि दहा लाख घनमीटरांचा एक दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर, हे जलसंपदा खात्याचे रोजच्या वापरातील माप आहे. चूक होते ती बहुधा लांबीच्या मापावरून घनमापाकडे जाताना, कारण एका मीटरमध्ये शंभर सेंटिमीटर असले तरी एका घनमीटरमध्ये शंभर नव्हे, तर दहा लाख घनसेंटिमीटर मावतात. लांबीतील दोन शून्ये घनमापात सहा होतात, आणि हे विसरले की उत्तर थेट दहा हजार पटींनी चुकते.

पर्जन्यमापकात या सर्व मापांची गाठ पडते. भारतीय हवामान विभागाच्या एका प्रचलित पर्जन्यमापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असते, त्यामुळे १ मिलिमीटर पाऊस झाला की आतल्या बाटलीत २० मिलिलिटर पाणी साठते. महाबळेश्वरात जुलैमध्ये एका दिवसात ३०० मिलिमीटर पाऊस पडणे नवलाचे नाही. अशा दिवशी त्या बाटलीत ६ लिटर पाणी जमा होईल. हाच पाऊस कोयनेच्या सुमारे ८९२ चौरस किलोमीटरच्या पाणलोट क्षेत्रावर, म्हणजे ज्या भूभागाचे पाणी वाहत धरणात येते त्यावर, सारखा पडला असे धरले, तर पर्जन्यमापकाच्या तोंडाएवढे ४,४६० कोटी तुकडे त्या क्षेत्रात बसतात, आणि प्रत्येकी ६ लिटर या हिशेबाने एकूण पाणी २६,७६० कोटी लिटर, म्हणजे सुमारे २६८ दलघमी भरते. प्रत्यक्षात मात्र घाटमाथ्यावरचा पाऊस कधीच सारखा पडत नाही. महाबळेश्वरहून जेमतेम वीस किलोमीटरवरच्या पाचगणीत तो निम्म्याहूनही कमी होतो, शिवाय काही पाणी जमिनीत मुरते. त्यामुळे एका बाटलीवरून धरणाचा अंदाज बांधताना गुणाकार बिनचूक असला, तरी एकाच ठिकाणचे मोजमाप सगळ्या खोऱ्याला लागू धरणे योग्य ठरत नाही.

टीएमसी आणि क्युसेक ही मापे दशमान कुटुंबातली नाहीत. भारतात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी पाटबंधाऱ्यांच्या व्यवहारात फूट टिकून राहिला. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, तर क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते, म्हणून १ टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी, अर्थात सुमारे २,८३२ कोटी लिटर. कोयनेची १०५.२५ टीएमसी क्षमता या हिशेबाने सुमारे २,९८० दलघमी, म्हणजे जवळजवळ तीन घनकिलोमीटर होते, आणि वर काढलेले २६८ दलघमी साडेनऊ टीएमसीच्या आसपास जातात. बातमीत टीएमसीशेजारी दलघमीचाही आकडा छापला, तर लिटरची सवय असलेल्या वाचकाला साठ्याचा अंदाज पुष्कळ सोपा होईल.

दुसऱ्या टोकाला, स्ट्रॉबेरीच्या शेतात आकडे लहान असले तरी चुकीची किंमत मोठी असते. औषधाच्या वेष्टनावर लिटरला अर्धा मिलिलिटर असे प्रमाण असेल, तर २०० लिटरच्या पिंपात १०० मिलिलिटर औषध पडायला हवे; दशांश चिन्ह एक घर उजवीकडे सरकले की तेच लिटरभर होते आणि नाजूक पाने करपण्याची भीती निर्माण होते. बाटलीचे झाकण हे माप नव्हे. त्यासाठी खुणा असलेले मापच वापरायला हवे.

खाली सांगलीत कृष्णेच्या पुराची चर्चा सुरू झाली की क्युसेकचा आकडा लोकांच्या तोंडी असतो. एक लाख क्युसेकने दहा हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांच्या जवळपास, पाणी सुटले की एक टीएमसी होते; हा विसर्ग दिवसभर टिकला, तर ८.६४ टीएमसी. मात्र आयर्विन पुलापाशी मोजली जाणारी पाण्याची पातळी ही फुटांतली उंची असून, क्युसेकचे फूट करून देणारा कोणताही ठरावीक गुणक नाही, कारण पात्राची रुंदी आणि उतार, वारणेसारख्या नद्यांचे येणारे पाणी आणि खालच्या बाजूची तुंब यांवर ती उंची ठरते. म्हणून धरणातील विसर्ग कळल्यावरही पुलावरचे माप वेगळे वाचावेच लागते.