तासाला एक गाडी : मुरुमची एसटी कशी आखता येईल

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये पीएम ई-बस सेवा योजना मंजूर केली. १६९ शहरांना मिळून १०,००० विजेच्या बस द्यायच्या आणि त्यासाठी शहराची लोकसंख्या साधारण ३ लाखांच्या वर हवी, असा तिचा मुख्य निकष. उमरगा तालुक्यातल्या मुरुमला नगरपरिषद आहे, म्हणजे कागदावर ते शहरच. पण या यादीत ते बसत नाही. मराठवाड्यात अशी गावे पुष्कळ आहेत. शहर म्हणून कर भरायचा आणि प्रवासाचे नियोजन मात्र कुणाच्याच टेबलावर नाही, अशी त्यांची गत.

मुरुमला सिटी बस लागत नाही. गावातल्या गावात माणूस पायी जातो, फार तर रिक्षा करतो. लागते ती बाहेर नेणारी आणि वेळेवर परत आणणारी गाडी. तहसील आणि कोर्ट उमरग्याला, जिल्ह्याचे काम धाराशिवला, मोठा दवाखाना सोलापूरला. उलट दिशेने आसपासच्या खेड्यांतली मुले-मुली माधवराव पाटील महाविद्यालयात येतात, शेतकरी बाजार समितीत येतात. त्यामुळे मुरुमची शहर वाहतूक म्हणजे एसटीच, आणि ती सुधारायची तर उमरगा आगाराच्या वेळापत्रकापासून सुरुवात करावी लागते.

वेळापत्रक बनते कसे, ते एका मार्गावर करून पाहू. मुरुम ते उमरगा अंतर हिशोबासाठी २० किलोमीटर धरू. मधले थांबे, चढ-उतार, सुट्टे पैसे हे सगळे मिळून साधी गाडी ४० मिनिटे घेते असे मानू. दर फेरीनंतर टोकाला थोडी उसंत हवी. उशीर झाला तर तो तिथे भरून निघतो, चालक-वाहकाला पाणी पिता येते. ही उसंत १० मिनिटांची ठेवली तर जाऊन-येऊन पुन्हा निघायला १०० मिनिटे लागतात. एका गाडीवर दर १०० मिनिटांनी फेरी, दोन गाड्यांवर दर ५० मिनिटांनी.

हे गणित बरोबर आहे, पण उपयोगाचे नाही. सहा, सहा पन्नास, सात चाळीस, साडेआठ, नऊ वीस, या वेळा कुणाच्या लक्षात राहणार? म्हणून उसंत मुद्दाम २० मिनिटांची करावी. चक्र बरोबर दोन तासांचे होते. एक गाडी सकाळी ६ वाजता मुरुमहून निघते, ६.४० ला उमरग्यात, ७ वाजता परत, ७.४० ला मुरुम, ८ वाजता पुन्हा बाहेर. दुसरी गाडी त्याच ६ वाजता उमरग्याहून निघते. परिणाम असा की दोन्ही टोकांहून दर तासाच्या ठोक्याला एक गाडी सुटते. ५० मिनिटांऐवजी ६० मिनिटांनी, म्हणजे फेऱ्या थोड्या कमी झाल्या. पण सगळे वेळापत्रक म्हातारीलाही पाठ झाले. माझ्या मते हा सौदा प्रत्येक लहान गावाने करावा.

स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये सबंध देशाच्या रेल्वेला हाच नियम लावला. तासाच्या ठरावीक मिनिटाला गाडी, दिवसभर. डोंगरातल्या खेड्यांकडे जाणाऱ्या त्यांच्या पिवळ्या पोस्ट-बस त्या मिनिटांशी जुळवलेल्या असतात. खेड्यातला माणूस तिथे वेळापत्रक न पाहता घराबाहेर पडतो. त्यामागे पैसा आहे हे खरे, पण मूळ कल्पनेला पैसा लागत नाही, घड्याळ लागते.

आता शेवटची फेरी पाहा. मुरुमहून सकाळी निघालेली पहिली गाडी संध्याकाळी ७ वाजता उमरग्याहून सुटते आणि ७.४० ला मुरुमला पोचते. तिथेच मुक्काम करते. मुक्कामी गाडी ही एसटीची जुनी, शहाणी रीत आहे. गाडी रात्री गावात थांबली की पहाटे आगारातून रिकामी आणावी लागत नाही, आणि सकाळची पहिली फेरी हमखास वेळेवर सुटते. दुसरी गाडी ७.४० ला उमरग्यात पोचून आगारात जाते. दोन्ही गाड्यांचा एकही किलोमीटर फुकट जात नाही. ड्युटीही छान बसते. दुपारी १ वाजता उमरग्याहून निघालेली चालक-वाहकाची जोडी रात्री मुरुमला थांबते, सकाळी ६ ची गाडी काढते आणि दुपारी १२.४० ला उमरग्यात उतरून घरी जाते. मात्र त्यांना झोपायला स्वच्छ खोली, पंखा आणि शौचालय गावाने द्यायला हवे. नगरपरिषदेने यात हात आखडता घेऊ नये.

दोन्ही टोकांहून प्रत्येकी १४ म्हणजे दिवसाला २८ फेऱ्या, एकूण ५६० किलोमीटर. त्यासाठी दोन गाड्या आणि साप्ताहिक सुट्टी, रजा धरून पाच-सहा चालक, तितकेच वाहक. एका गावाची तासाला गाडी एवढ्यात होते.

मग अडते कुठे? बहुतेक वेळा भारमानावर. गाडीने जितक्या जागा जितके किलोमीटर नेल्या, त्यांतल्या किती भरलेल्या होत्या याचे हे प्रमाण. ४४ आसनांची गाडी २० किलोमीटर गेली म्हणजे ८८० आसन-किलोमीटर झाले. २० माणसे शेवटपर्यंत आली आणि २० निम्म्या वाटेत उतरली, तर वापर झाला ६०० चा. भारमान ६८ टक्के. माप चांगले आहे, पण ते फेरीगणिक लावले की घात होतो. सकाळी ९ ची गाडी कॉलेजच्या पोरांनी खच्चून भरते, तीच परतताना मोकळी येते. दुपारी १ ची गाडी अर्धी रिकामी. कागद पाहून दुपारची फेरी बंद केली जाते. मग तहसीलचे काम अकरालाच आटोपलेली बाई उमरग्यात तीन वाजेपर्यंत बसून राहते. पुढच्या वेळी ती मुलाच्या मोटारसायकलवर किंवा काळी-पिवळीत जाते, आणि सकाळच्या गाडीतलेही एक तिकीट कमी होते. महिन्याभराने सकाळच्या फेरीचे भारमान पडलेले दिसते. दुपारची फेरी स्वतः कमावत नसली तरी सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्यांना ती प्रवासी मिळवून देते. म्हणून भारमान मार्गाचे आणि दिवसाचे मोजावे, एकट्या फेरीचे मोजू नये.

गाड्या वाट्टेल तशा रिकाम्या पळवाव्यात असा याचा अर्थ नाही. साधी डिझेल बस लिटरला साडेचारच्या आसपास किलोमीटर जाते, मोटारसायकल पन्नासच्या आसपास. एकटा स्वार असेल तर त्याच्याशी बरोबरी करायला बसमध्ये ११ माणसे हवीत. मोटारसायकलवर दोघे असतील तर २२. त्याहून कमी प्रवासी घेऊन रोज धावणारी बस डिझेलच्या हिशोबाने पर्यावरणाचे भले करत नाही. ४० प्रवासी असतील तर मात्र तिला तोड नाही, आणि पावसात, अंधारात, हातात लेकरू असताना तीच सुरक्षित. पर्यावरणपूरक वाहतूक म्हणजे गाडी विजेची असणे, असा एक समज रुजतो आहे. एसटीची विजेवरची ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी निघाली तोच हा मार्ग. विजेची बस मुरुमलाही चालेल. प्रत्येक गाडीला रोज २८० किलोमीटर आणि उमरग्यात दर दोन तासांनी २० मिनिटांचा थांबा म्हणजे मधे चार्जिंग करायची सोय वेळापत्रकातच आहे. पण आधी ती भरायला हवी, आणि भरते ती भरवशाने.

भरवसा बसायचा तर वेळा खऱ्या हव्यात, आणि इथे मुरुमचे स्वतःचे एक वैशिष्ट्य आहे. गावात विठ्ठलसाई साखर कारखाना आहे. दिवाळीनंतर गाळप सुरू झाले की रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर लागतात. एकामागून एक ट्रॉल्या असल्या की ओलांडून जाता येत नाही. चाळीस मिनिटांची पन्नास होतात. २० मिनिटांची उसंत असेल तर गाडी तरीही ठोक्याला सुटते. १० मिनिटांचीच ठेवली असती तर ती सगळी यातच गेली असती, आणि उशीर जरा जास्त झाला की दुपारपर्यंत सगळे वेळापत्रक कोलमडले असते. हंगामात गर्दी फारच वाढली तर हंगामी वेळापत्रक वेगळे छापावे. ते न छापता ‘गाडी यंदा उशिराच येते’ असे सांगत राहणे म्हणजे प्रवासी घालवणे.

दुसरे काम फाट्यावरचे. सोलापूर-हैदराबाद महामार्ग मुरुमच्या बाहेरून जातो. लांब पल्ल्याच्या गाड्या तिथून धावतात, त्या सगळ्या गावात वळवणे शक्य नाही. गावातून फाट्यापर्यंतची गाडी या लांबच्या गाड्यांशी जुळवली तर सोलापूर जवळ येते. फाट्यावर सावली, दिवा, बसायला जागा आणि बायकांसाठी वापरता येईल असे स्वच्छतागृह हवे. रात्री आठला एकटी मुलगी तिथे उभी राहू शकते का, या एका प्रश्नावर ती सेवा वापरली जाणार की नाही हे ठरते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले. ती सवलत अंधाऱ्या फाट्यावर वाया जाऊ नये.

हे सगळे ठरवायला आकडे लागतात. वाहकाच्या तिकीट यंत्रात कोण कुठे चढले, कुठे उतरले याची नोंद असते. पण गाडी मिळाली नाही म्हणून जो मोटारसायकलने गेला, त्याची नोंद यंत्रात कशी असेल? ती गावानेच करायची. कॉलेजने प्रत्येक वर्गात विचारावे की कोण कोणत्या गावाहून येते, तास कधी सुटतो. ग्रामीण रुग्णालयाने बाहेरच्या रुग्णांची गावे लिहावीत. एका कामाच्या दिवशी आणि एका बाजाराच्या दिवशी स्टँडवर व फाट्यावर चार-पाच जणांनी बसून तासागणिक माणसे मोजावीत, काळी-पिवळीत बसणारीसुद्धा. नगरपरिषदेच्या विकास आराखड्यात स्टँडची जागा, तिथवरचा पायी रस्ता आणि रिक्षा थांबा दाखवावा.

‘गाड्या वाढवा’ असा मोघम अर्ज उमरग्याच्या आगार व्यवस्थापकांकडे गेला तर त्यांना त्याचे काही करता येत नाही. अर्जात लिहा की सकाळी ८ ते १० मध्ये इतके लोक, दुपारी इतके, संध्याकाळी इतके; दोन गाड्या, तासाला एक, मुक्काम मुरुमला, चालक-वाहकांची खोली आमची; सहा महिने चालवून दिवसाचे भारमान पाहा. त्या सहा महिन्यांत मात्र मोटारसायकल घरी ठेवा आणि गाडीत बसा.